दानपत्राची उलटतपासणी

मानवतावादाने पाश्चात्त्य समाजाला काय दिले, या प्रश्नाला मानवाची प्रतिष्ठा, व्यक्तिस्वातंत्र्य आणि इहलोकाविषयीची आस्था अशी उत्तरे सहसा दिली जातात आणि ती चुकीची नाहीत. परंतु चौदाव्या-पंधराव्या शतकांत इटलीत ज्यांना मानवतावादी म्हणत, त्यांचा नित्याचा व्यवसाय पाहिला, तर तो तत्त्वचिंतनापेक्षा जुनी हस्तलिखिते शोधण्याचा, ताडून पाहण्याचा आणि शुद्ध करण्याचा अधिक होता. व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र या विषयांच्या समूहाला मानव्यविद्या असे नाव होते, त्यांचे अध्ययन-अध्यापन करणारा तो मानवतावादी, आणि यांतील बहुतेक जण श्रद्धावान ख्रिस्ती होते. पेत्रार्कला १३४५ मध्ये व्हेरोना येथे सिसरोची खाजगी पत्रे सापडली, पोज्जो ब्राच्चोलिनीने १४१७ मध्ये ल्युक्रिशियसचे विस्मृत काव्य उजेडात आणले, आणि अशा शोधांतून एक जाणीव हळूहळू पक्की झाली, ती ही की भाषा शतकागणिक बदलते आणि म्हणून प्रत्येक लेखनावर त्याच्या काळाची मुद्रा असते. या जाणिवेचे शस्त्र कसे होऊ शकते, हे लोरेन्झो वाल्लाने १४४० मध्ये दाखवले.

वाल्लाने तपासणीस घेतलेला दस्तऐवज ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ या नावाने ओळखला जातो. पोप सिल्व्हेस्टर याच्या कृपेने आपला महारोग बरा झाला, म्हणून सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात रोम, इटली आणि पश्चिमेकडील प्रांतांची सत्ता पोपला व त्याच्या वारसांना अर्पण केली, असे त्यात म्हटले होते. वस्तुतः तो आठव्या शतकाच्या सुमारास रचलेला बनावट लेख होता. पण पोपच्या राजकीय सत्तेला विरोध करणारेही तो खरा धरूनच वाद घालत. असे दान करण्याचा अधिकार सम्राटाला नव्हता, असे दान्ते म्हणाला. दान झालेच नाही, असे त्याने म्हटले नाही. जुन्या इतिहासकारांत या दानाचा उल्लेख आढळत नाही, हे कुसा येथील निकोलसने वाल्लाच्या काही वर्षे आधी नोंदवले होते, परंतु दस्तऐवजाला शब्दशः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले ते वाल्लाने.

दानपत्रात रोमन अधिकाऱ्यांच्या यादीत ‘क्षत्रप’ येतात, आणि क्षत्रप हा तर इराणी साम्राज्यातील प्रांताधिकाऱ्याचा हुद्दा. कॉन्स्टंटाइनच्या फर्मानात तो कोठून आला, असा वाल्लाचा प्रश्न होता. कॉन्स्टँटिनोपलचा उल्लेख धर्मपीठाचे स्थान म्हणून केलेला, पण दानाच्या सांगितलेल्या वेळी ते नगर वसलेलेच नव्हते, कारण त्याची प्रतिष्ठापना ३३० ची. सम्राटाचा शिरोभूषणपट्ट वस्त्राचा असे, तर दानपत्राचा कर्ता तो सोन्यारत्नांचा समजतो. एखाद्या काळाच्या तोंडी दुसऱ्या काळाची भाषा किंवा वस्तू येणे याला कालविपर्यास म्हणतात, आणि असे दोष टिपतानाच वाल्लाने व्यवहारी प्रश्नही विचारले: सत्तांतर झाले असेल, तर सिल्व्हेस्टरची नाणी कोठे आहेत, आणि अर्धे साम्राज्य हातचे जात असताना सम्राटाचे पुत्र गप्प कसे बसले? वाल्ला त्या वेळी आरागॉनचा राजा आल्फोन्सो याच्या पदरी होता आणि नेपल्सच्या गादीवरून त्या राजाचे पोपशी वैर होते, तेव्हा हे संशोधन निर्हेतुक होते असे म्हणता येणार नाही. मात्र त्याच्या पद्धतीचे मर्म हेच की हेतू कोणताही असला तरी पुरावा स्वतंत्रपणे पडताळता येत होता.

परिणाम तातडीने झाला, असे मुळीच नाही. काही वर्षांतच वाल्लाला पोप निकोलस पाचवा याच्या दरबारी नोकरी मिळाली, आणि १५२० नंतरच्या काही वर्षांत राफाएलच्या शिष्यांनी पोपच्या राजवाड्यातील भिंतीवर तेच दान खरी घटना म्हणून रंगवले. दरम्यान उलरिख फॉन हुटेनने वाल्लाचा ग्रंथ जर्मनीत छापला होता आणि १५२० मध्ये तो वाचून मार्टिन ल्यूथर संतप्त झाला होता.

वाल्लाने बायबलच्या नव्या करारावरही टिपणे लिहिली होती. त्यांचे हस्तलिखित इरॅस्मसला १५०४ मध्ये लूव्हेनजवळच्या एका मठात मिळाले; पुढे १५१६ मध्ये त्याने नव्या कराराची मूळ ग्रीक संहिता बाझल येथे छापली, तेव्हा त्रैक्याच्या सिद्धांताला आधार देणारे योहानाच्या पत्रातील एक प्रसिद्ध वचन, आपण पाहिलेल्या ग्रीक हस्तलिखितांत नाही म्हणून, त्याने गाळले. गदारोळ झाला आणि १५२२ च्या आवृत्तीत ते परत घ्यावे लागले. तरी पवित्र ग्रंथालाही हस्तलिखितांची साक्ष लागते, हा दंडक मागे राहिला. १६८१ मध्ये झाँ माबियों या बेनेडिक्टाइन भिक्षूने जुन्या सनदांची शाई, अक्षरवळण, मुद्रा आणि मजकूर पारखण्याचे नियम ग्रथित केले, आणि पुढे विद्यापीठीय इतिहासलेखन अशाच पारखीवर उभे राहिले.

या वारशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्यूंच्या तथाकथित जागतिक कटाचे ‘प्रोटोकॉल्स’ हे मोरिस जोली याच्या १८६४ मधील एका राजकीय उपहासग्रंथातून उचललेले आहेत, हे लंडनच्या ‘द टाइम्स’ने १९२१ मध्ये उतारे शेजारीशेजारी छापून सिद्ध केले, तरीही नाझींनी त्यांचा प्रचार केलाच.

पाठचिकित्सेची, म्हणजे हस्तलिखिते ताडून मूळ पाठाकडे जाण्याची, ही परंपरा एकोणिसाव्या शतकातील जर्मन पंडितांकडून पुण्यातही पोचली. बर्लिन येथे शिकलेले विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-प्रकल्पाचे प्रमुख संपादक झाले. मौखिक परंपरेतून वाढलेल्या आणि प्रांतोप्रांती वेगळे रूप घेतलेल्या या ग्रंथाला युरोपीय नियम जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी त्यांत फेरफार केले आणि परस्परांपासून दूरच्या परंपरांत समान आढळणाऱ्या पाठाला अधिक वजन दिले. त्यांनी सिद्ध केलेल्या आदिपर्वात, गणपतीने व्यासांचा लेखनिक होण्याची घराघरांत सांगितली जाणारी कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली आहे.