सेवाभाव आणि ड्युटीचा तक्ता

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीच्या कानावर एक वाक्य फार लवकर पडतं: मनापासून सेवा करणाऱ्याला थकवा येत नाही. शपथविधीच्या समारंभात ते असतं, १२ मेच्या परिचारिका दिनाच्या भाषणात असतं, आणि सलग नाईट करून सुजल्या पायांनी रजेचा अर्ज घेऊन गेलं की वरिष्ठांच्या तोंडीही तेच असतं. मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका, म्हणजे सगळ्यांच्या बोलीतली इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. आता नर्सिंग कॉलेजात शिकवायला जाते. या वाक्याने खचलेल्या मुली मी फार पाहिल्या आहेत. थकवा तर सगळ्यांनाच यायचा. पण तो आला म्हणजे आपल्याच मनात काही खोट आहे, आपण या कामाच्या लायकीच्या नाही, असं त्या धरून चालायच्या.

हा समज आमच्या पेशापुरता नाही. बँकेत कॅशला बसणारा माझा भाचा हेच ऐकतो, शाळेत शिकवणारी माझी सून हेच ऐकते. नोकरीत समाधान नाही ना, मग दृष्टिकोन बदला, काम आपोआप गोड वाटेल. त्यासाठी कार्यशाळा होतात, डोळे मिटून बसवतात, सकारात्मक वाक्यं म्हणून घेतात. सांगणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. तरीही मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते सांगायला हवं. समाधान घरी तयार करून डब्यासारखं कामावर नेता येत नाही. ते कामातच तयार होतं आणि कामाची मांडणी तशी असेल तरच होतं. मनाला त्यात जागा आहे, पण आपण समजतो ती नव्हे.

आमच्या पेशात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फ्लॉरेन्स नाइटिंगेल असते ती हातात दिवा घेतलेली. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात ती रात्री दिवा घेऊन फिरायची, हे खरंच आहे. पण परत आल्यावर ती आकडे घेऊन बसली. १८५८ साली तिने रंगीत चक्राकार आलेख छापले आणि दाखवून दिलं की सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी जास्त मेले. सैनिकांना किंवा परिचारिकांना धीर धरा असं सांगून ती थांबली नाही. गटारं, पाणी, हवा, खाटांमधलं अंतर यांसाठी ती सरकारशी भांडत राहिली. तिच्या नावाने जी शपथ आमच्या मुली घेतात तीही तिने लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली. मुलींना मी हे दरवर्षी सांगते, कारण दिव्याबरोबर आकडेही आमच्या वारशात आहेत.

आणि आकडे काय सांगतात? लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा आणि दहा हजारांहून अधिक परिचारिकांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की ती आतून पार संपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते आणि नोकरीबद्दल नाराज असण्याची १५ टक्क्यांनी. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यताही ७ टक्क्यांनी वाढते. या हजारो बायकांचे स्वभाव वेगवेगळे असणार, देवावरची श्रद्धा वेगळी, घरची परिस्थिती वेगळी. तरी ड्युटीच्या तक्त्यावरचा एक आकडा बदलला की त्यांच्या मनाचं चित्र बदलतं. ज्या मुलीला रात्रपाळीत अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळायचा आहे, तिला प्रसन्न राहायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

माझ्या पीएनसी वॉर्डात, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात, एक सफाईच्या मावशी होत्या. फरशी पुसता पुसता त्यांना सगळं कळायचं. कोणत्या खाटेवरच्या पोरीला अजून दूध आलेलं नाही, कोणाकडे सकाळपासून कोणी फिरकलेलं नाही, कोण मुलगी झाली म्हणून भिंतीकडे तोंड करून पडली आहे. राउंडच्या आधी त्या मला हळूच सांगायच्या, “बाई, सात नंबरकडे जरा बघा.” सात नंबरला ताप निघायचा, किंवा ती रडत असायची. कोणी त्यांना हे काम दिलेलं नव्हतं. घरच्यांना चहाचं कॅन्टीन दाखवणं, पहिलटकरणीला बाळ छातीशी कसं धरायचं ते दाखवणं, हे सगळं त्यांनी आपलं आपण जोडून घेतलं होतं. आपल्या कामाबद्दल इतक्या समाधानाने बोलणारं माणूस मी डॉक्टरांतही क्वचित पाहिलं.

पुढे अशीच माणसं मला एका संशोधनात भेटली. एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी रुग्णालयातल्या सफाई कामगारांशी बोलून २००१ साली एक निबंध लिहिला. काही कामगार म्हणाले, आम्ही फक्त साफसफाई करतो. पण त्याच रुग्णालयात, त्याच पगारावर काम करणारे दुसरे काही जण रुग्णांशी बोलत होते, नातेवाइकांना वाट दाखवत होते आणि आपण रुग्ण बरा होण्याच्या कामातले आहोत असं मानत होते. प्रेरणेच्या व्याख्यानांत या कामगारांचा दाखला फार देतात. बघा, काम तेच, फक्त नजर वेगळी!

हे अर्धंच सांगणं झालं. त्या दोघींनी तीन गोष्टी नोंदवल्या होत्या. हे कामगार प्रत्यक्षात वेगळी कामं करत होते, वेगळ्या माणसांशी नातं जोडत होते, आणि कामाकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. तीनपैकी दोन गोष्टी हातापायांनी करायच्या आहेत, आणि त्या करायला मोकळीक लागते.

ती मोकळीक गेली की काय होतं तेही मी पाहिलं. सफाईचं काम ठेकेदाराकडे गेलं. सुपरवायझर आले, फेऱ्यांचा तक्ता आला. आज या मजल्यावर, उद्या त्या मजल्यावर, पेशंटशी बोलायचं नाही. मावशींना ठेकेदाराने कामावर ठेवलं, पण बाळंतिणी त्यांच्या हातून गेल्या. स्वभाव तोच होता, देवाला हात जोडून कामाला लागणंही तेच होतं. काही महिन्यांत त्या बोलेनाशा झाल्या, पुढे खाडे करू लागल्या आणि शेवटी सोडून गेल्या. तक्त्याप्रमाणे वॉर्ड स्वच्छ होत राहिला. सात नंबरकडे बघा असं सांगणारं मात्र कोणी उरलं नाही. त्यांच्या वागण्याला कोणी चुकीची वृत्ती म्हटलं तर मी ते ऐकून घेणार नाही.

या मोकळिकीबद्दल ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास प्रसिद्ध आहे. १९८५ साली सुरू झालेल्या त्याच्या दुसऱ्या फेरीत दहा हजारांहून अधिक कर्मचारी होते. आपल्या कामात काय, कधी, कसं करायचं हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी होती, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. म्हणजे हे नुसतं वाटण्या-न वाटण्याचं प्रकरण नाही.

आता सेवाभावाबद्दल. मी त्याच्या विरोधात नाही, त्याच्याच बळावर मी नोकरी केली. पण ज्याच्यात तो जास्त, त्याच्यावर ओझंही जास्त टाकलं जातं. उत्तर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत जनावरांची देखभाल करणाऱ्या माणसांवर बंडरसन आणि थॉम्पसन या अभ्यासकांनी २००९ मध्ये लिहिलं. ही माणसं शिकलेली, पगार तुटपुंजा, आणि हे काम म्हणजे आपल्या जन्माचं काम अशी त्यांची भावना. त्या भावनेने त्यांना खोल अर्थ दिला. त्याच भावनेपायी ती पगार, वेळ, आराम सोडत गेली आणि व्यवस्थापनाला त्यांना गृहीत धरणं सोपं गेलं. आमच्याकडे डबल ड्युटी कोणाला लागते ते बघा. कुरकुर न करणाऱ्या मुलीलाच लागते. “तिला आवडतं काम करायला,” असं म्हणून लागते.

सेवाभाव असणाऱ्याने मागणी करू नये, हा त्यातलाच सगळ्यात घातक समज. त्याचं उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. अरुणासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी त्या रस्त्यावर उतरल्या. आणि त्याच केईएमच्या परिचारिकांनी, एकीमागून एक पिढ्यांनी, १८ मे २०१५ रोजी अरुणा यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. इतकी वर्षं खाटेला खिळलेल्या त्या शरीरावर त्यांनी शय्याव्रण होऊ दिले नाहीत. शय्याव्रण टाळायला काय लागतं हे ज्याने पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून दिली आहे त्यालाच कळेल. संप करणारी आणि कूस बदलणारी ही एकाच पेशातली, एकाच रुग्णालयातली माणसं आहेत. मुलींना सेवा शिकवताना आपण यातली एकच गोष्ट सांगतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आवडीबद्दलही असाच एक समज आहे. आवड आत कुठेतरी तयार असते, ती सापडली की सुख. मग ज्यांना ती सापडली नाही असं वाटतं ते जन्मभर हळहळतात. आमच्याकडे बऱ्याच मुली घरच्यांनी सांगितलं म्हणून आलेल्या असतात, नोकरी लवकर लागते म्हणून आलेल्या असतात. एकीला शिक्षिका व्हायचं होतं. ती वॉर्डात उदास असायची. तिला मी नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात पाठवलं आणि तिथल्या जुन्या सिस्टरांना विनंती केली की हिला शेजारी उभं करून शीर शोधायला शिकवा. दीड किलोच्या बाळाची शीर म्हणजे दोऱ्याएवढी. हात थरथरून चालत नाही आणि घाई करून तर मुळीच नाही. बोटाखाली ती कळू लागायला तिला बरेच महिने लागले. मग एक दिवस दुसऱ्या वॉर्डातून फोन आला, शीर लागत नाही, तिला पाठवता का? त्या फोननंतर तिची चाल बदलली. पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांचं २०१८ मधलं संशोधन हेच सांगतं. आवड ठरलेली असते असं मानणारी माणसं विषय अवघड झाला की लवकर सोडून देतात. ती वाढवता येते असं मानणारी टिकतात. फक्त मी एवढं जोडेन की त्या मुलीशेजारी कोणी उभं राहिलं नसतं, तर नुसत्या मानण्याने शीर सापडली नसती.

हसतमुख राहण्याबद्दल थोडक्यात सांगते. बाळंतिणींच्या वॉर्डात एका खाटेवर पेढे वाटत असतात आणि शेजारच्या खाटेवरच्या आईचं बाळ दगावलेलं असतं. सिस्टरने दोन्हीकडे जायचं असतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली हवाई सुंदऱ्यांच्या अभ्यासातून दाखवलं की चेहऱ्यावर भावना धरून ठेवणं हेही श्रमच आहेत. श्रमांना विसावा लागतो. म्हणून अशा पाळीनंतर मी मुलींना लगेच घरी जाऊ देत नसे. हँडओव्हर झाला की चेंजिंग रूममध्ये चहा व्हायचा, ज्यांना रडायचं त्या रडायच्या. कोणी कोणाला समजावायचं नाही, एवढाच नियम होता.

मग मनाने करायचं काय? माझ्या अनुभवात मनाचा खरा उपयोग नीट पाहण्यासाठी होतो. आमच्या वॉर्डात सगळ्या जणी वैतागलेल्या असताना मी त्यांना वहीत दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: आज कोणत्या वेळी जीव नकोसा झाला आणि तेव्हा काय चाललं होतं. वही वाचली तर पेशंटबद्दल तक्रार जवळजवळ नव्हती. एकच माहिती चार रजिस्टरांत लिहिणं, चादरींसाठी लिननला हेलपाटे, आणि संध्याकाळी नातेवाइकांचा आरडाओरडा, हेच पुन्हा पुन्हा होतं. रजिस्टरं आमच्या हातात नव्हती. पण आरडाओरडा कशाने होतो ते कळत होतं, पेशंटचं कसं चाललंय हे नातेवाइकांना कोणी सांगतच नव्हतं. वही घेऊन मी अधिसेविकांकडे, म्हणजे मेट्रनकडे, गेले, त्या डॉक्टरांशी बोलल्या आणि रोज संध्याकाळी एक ठरलेली वेळ झाली, निवासी डॉक्टरांनी दारात उभं राहून प्रत्येकाच्या माणसाशी बोलायचं. ओरडा पुष्कळ कमी झाला. मुलींचा दृष्टिकोन बदलायला कोणी गेलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये परिचारिकांच्या त्या अभ्यासात आलेली आतून संपून जाण्याची अवस्था आपल्या वर्गीकरणात मांडली, तेव्हा तिला आजार न म्हणता कामाशी निगडित घटना म्हटलं. कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्याने ती येते, अशी व्याख्या केली. मुलींना मी ती फळ्यावर लिहून देते. आणि शेवटच्या वर्षाला मुलाखतींची तयारी करून घेताना तुमची बलस्थानं कोणती याचं उत्तर पाठ करवून घेत नाही. त्यांनी समोरच्याला काय विचारायचं ते शिकवते: एका पाळीत एका सिस्टरकडे किती पेशंट असतात, नवीन मुलीसोबत जुनी सिस्टर किती दिवस राहते, ड्युटीचा तक्ता कोण लावतं आणि तो बदलून हवा असेल तर कोणाशी बोलायचं, मागच्या वर्षभरात किती जणी सोडून गेल्या. काहींना हे विचारायला भीती वाटते, नोकरी हातची जाईल म्हणून. त्यांना मी निदान पहिले दोन प्रश्न तरी विचाराच असं सांगते, आणि नोकरीला लागल्यावर पहिल्या पगाराआधी उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला फोन करून सांगा म्हणते.