डोंगरातली सायकल आणि तराजूचा काटा

सायकल किती चालवली हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण सायकल किती ग्रॅमने हलकी केली हे सांगणाऱ्यांची जातच निराळी. इंग्रजीत त्यांना थट्टेने ‘वेट वीनी’ म्हणतात. नवी सीट आणली की ती आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसते आणि मग सायकलवर! मी यंत्रशास्त्र शिकलेला माणूस. त्यामुळे या वेडाकडे मी कौतुकाने पाहतो आणि थोड्या काळजीनेही.

या वेडाचे मूळ समजण्यासारखे आहे. माउंटन बाइकचा जन्म अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. तिथल्या मरिन काउंटीतले काही तरुण जाड टायरच्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन डोंगरावरच्या मातीच्या रस्त्याने सुसाट खाली येत. १९७६ साली त्यांनी शर्यती सुरू केल्या. पायडल उलटे दाबून लागणारा मागचा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि हबमध्ये नव्याने ग्रीस भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. या सायकली २० किलोच्या आसपास भरत. उतरताना मजा, पण वर नेताना जीव मेटाकुटीला येई. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवी फ्रेम बांधली, ती या अनुभवातूनच. तेव्हा वजन घटवणे ही चैन नव्हती, गरज होती.

पुढे अॅल्युमिनियम आले, टायटॅनियम आले, कार्बन फायबर आले. आणि गरजेची हौस झाली, हौसेचे वेड झाले.

आता थोडा हिशेब करू. स्वार ७० किलोचा आणि सायकल १२ किलोची, म्हणजे एकूण ओझे ८२ किलो. त्यातून अर्धा किलो कमी केला, तर ओझे घटले अवघे ०.६ टक्के. एक तासाच्या खड्या चढावर यातून वाचतात फार तर वीसेक सेकंद. १९९६ पासून माउंटन बाइकिंग ऑलिंपिकमध्ये आहे. तिथे वीस सेकंदांत पदक हुकते. पण रविवारी सकाळी डोंगरात जाणाऱ्यांचे काय? अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर पाणी. बाटली निम्मी रिकामी झाली की तेवढे वजन फुकटात उतरते!

पोलादी बोल्ट काढून टायटॅनियमचे बसवणारेही आहेत. पाच-पाच ग्रॅमचे दहा बोल्ट बदलले, तर बचत होते सुमारे २० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तो हाच.

पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात. माझी काळजी वेगळी आहे. अॅल्युमिनियमचा एक स्वभाव आहे. पोलादावरचा ताण ठरावीक मर्यादेच्या आत ठेवला, तर ते जवळजवळ कायम टिकते. अॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. प्रत्येक धक्क्याची नोंद ते आत ठेवते, बारीक चीर वाढत जाते आणि एक दिवस भाग तुटतो. भिंत जितकी पातळ, तितका तो दिवस जवळ. माझ्या एका मित्राचे अतिहलके हँडल उतारावर असेच तुटले. वाचवले होते काही ग्रॅम आणि प्लास्टरमध्ये गेले मनगट. कीथ बाँट्रेगर या सायकल बांधणाऱ्याचे एक सूत्र प्रसिद्ध आहे: मजबूत, हलके आणि स्वस्त यांपैकी कोणतेही दोनच गुण एका वस्तूत मिळतात.

गंमत अशी की, आजच्या डोंगरी सायकली पुन्हा जड झाल्या आहेत. डिस्क ब्रेक, मोठी चाके, जाड टायर आणि चालवता चालवता खाली-वर होणारी सीट यांमुळे खडबडीत वाटांसाठीची सायकल सहज १४-१५ किलो भरते. तरीही ती जुन्या हलक्या सायकलींपेक्षा उतारावर वेगवान आणि विश्वासू असते. कारण दगडधोंड्यांच्या वाटेवर वजनाइतकीच टायरची पकड महत्त्वाची. हवा थोडी कमी ठेवलेला रुंद टायर दगडावरून उसळत नाही, त्याला कवेत घेऊन पुढे जातो.

मग वजन घटवूच नये का? जरूर घटवावे, पण जागा पाहून. रिम आणि टायर फिरतात, म्हणून वेग घेताना त्यांचा एक ग्रॅम जवळजवळ दोन ग्रॅमसारखा वागतो. मात्र एकसारख्या गतीने चढताना हा फायदा उरत नाही, आणि टायरची कड फार पातळ घेतली तर पंक्चर ठरलेलेच. हँडल, त्याला धरणारा दांडा, चिमटा आणि ब्रेक यांच्या बाबतीत मात्र काटा बाजूला ठेवावा. तिथे पूर्ण वजनाचा, पारखलेला भाग घ्यावा, पडल्यानंतर तो नीट तपासावा आणि शंका आली तर बदलून टाकावा.