पेंड आधी पाण्याला, मग पिल्लाला

माशांना वाढवायला मासेच का भरडायचे, याचा शोध घ्यायला संपादकांनी मला शाहूवाडीला धाडलं. मलकापूरच्या आसपास कडवीच्या काठानं हिंडताना भात, भुईमूग, सोयाबीन ही पिकं दिसली, आणि वाटलं, खाद्याचा कच्चा माल तर इथंच उभा आहे.

सोयापेंडीत सुमारे 45 टक्के प्रथिनं असतात, शेंगपेंडीत त्याहून थोडी कमी. देशी मांगूर या मिशाळ माशाच्या वाढत्या पिल्लाला खाद्यात 35 ते 40 टक्के लागतात. अमेरिकेत मिशाळ माशांच्या खाद्याचा मोठा भाग कितीतरी वर्षांपासून सोयापेंडीचाच आहे.

पण पिल्लाचं पोट हिशेबानं चालत नाही, आणि मला गुंतवून ठेवलं ते त्या पोटानंच. अंड्यातून निघालेलं पिल्लू तीन-चार दिवस पोटातल्या बलकावर जगतं. त्यानंतर त्याला पाण्यातले जिवंत सूक्ष्मजीव हवे असतात, कोरडी भुकटी त्याला पचत नाही. म्हणून शेण आणि भिजवलेली शेंगपेंड आधी टाकीतल्या पाण्याला द्यायची. पाण्यात सूक्ष्मजीव वाढतात आणि पिल्लू ते खातं. पुढं हळूहळू त्याला बारीक दळलेल्या खाद्याची सवय लावायची.

सोयाबीनही कच्चं चालत नाही. त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. नीट उष्णता दिली की त्याचा जोर मोडतो. सोयात मेथिओनीन कमी, शेंगपेंडीत लायसीनही कमी, त्यामुळं एकाच पेंडीवर भागत नाही. थोडी मासळीची भुकटी ठेवणंच शहाणपणाचं.

खरी काळजी मात्र पावसाची आहे. आंबा घाटाच्या पट्ट्यातल्या दमट हवेत शेंगपेंडीला बुरशी धरते. त्या बुरशीचं अफलाटॉक्सिन हे विष भाजून पूर्ण जात नाही, आणि पिल्लाचं यकृत बिघडवतं. भाताचा कोंडाही लवकर खवट होतो. मोहाची पेंड तर खाद्य म्हणून घालूच नये. तिच्यातल्या सॅपोनिनमुळं मासे मरतात, म्हणून नको असलेले मासे मारायलाच ती तळ्यात टाकतात. पिल्लं लहानमोठी झाली की मोठी लहानांना गिळतात, त्यामुळं वेळोवेळी वेगळी काढावी लागतात. शिवाय बीज देशी मांगुराचंच हवं, थाई मांगुरावर बंदी आहे.

शाहूवाडीच्या शेततळेवाल्यांना माझं सांगणं एवढंच: पेंड पावसाआधी घ्या, जमिनीपासून उंच आणि कोरडी ठेवा, आणि वास बदललेली पेंड स्वस्त मिळाली तरी पिल्लांना घालू नका.