मशीन कपाटात, आकडा कागदावर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्या बोर्ली पंचतनला कितीतरी दिवस वीज नव्हती. नात्यातल्या एका काकांचं सीपॅप मशीन तेव्हा कपाटात गेलं, ते वीज आल्यावरही बाहेर आलं नाही. "मास्क लावून झोपच लागत नाही रे," एवढंच ते म्हणाले. रिसर्च करू पाहणाऱ्या तुम्हाला या कपाटातून एक गोष्ट शिकता येईल.

आधी आजार समजून घेऊ. स्लीप ॲप्नियात झोपेत घशाची वाट मिटते आणि श्वास निदान १० सेकंद थांबतो किंवा खूप कमी होतो. असं तासाला किती वेळा होतं, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या आत ठीक, ३० किंवा जास्त म्हणजे तीव्र. हा आजार दुर्मिळ नाही. मुंबईत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांवर झालेल्या, २००४ साली छापलेल्या अभ्यासात लक्षणांसह ॲप्नियाचं प्रमाण ७.५ टक्के निघालं.

सीपॅप हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवतं. दुसरा उपाय दातांचा. डेंटिस्ट वरच्या-खालच्या दातांचं माप घेऊन दोन साचे बनवतात. ते रात्री घातले की खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे राहतो, त्याबरोबर जीभही पुढे येते आणि घशात जागा होते. याला वीज लागत नाही.

मग चांगलं काय? सिडनीच्या २०१३ च्या एका अभ्यासात दोन्ही उपाय त्याच रुग्णांना एकेक महिना दिले. एएचआय सीपॅपवर सरासरी ४.५, साच्यावर ११.१. मशीन जिंकलं? थांबा. वापर मात्र मशीनचा रात्री ५.२ तास, साच्याचा ६.५. आणि रक्तदाबाच्या बाबतीत साचा मशीनपेक्षा कमी पडला नाही.

असं का, ते एका काल्पनिक उदाहरणाने बघा. उपचाराविना एएचआय ३०, झोप ८ तास. मशीनने तो ४ वर येतो, पण मास्क ४ तासच टिकतो: १६ + १२० = १३६ अडथळे. साच्याने १२ वर येतो, पण तो ७ तास टिकतो: ८४ + ३० = ११४. कागदावर हरलेला उपाय रात्रभरात पुढे गेला!

पण आता माझ्या गणितावरही शंका घ्या. अडथळे रात्रभर सारखेच येतात, असं मी गृहीत धरलं. पहाटे स्वप्नांची झोप जास्त असते, तेव्हा ते अनेकांत वाढतात. आणि सिडनीतले तास रुग्णांनीच सांगितलेले होते. आता साच्यात तापमान टिपणारी चिप बसवता येते.

याचा अर्थ मशीन फेकून द्या असा नाही. तीव्र आजारात सीपॅपच पहिलं. साच्याने जबडा दुखतो, वर्षानुवर्षांनी दात सरकतात, आणि पुरेसे मजबूत दात नसतील तर तो बसतच नाही. स्लीप स्टडी केल्याशिवाय ऑनलाइन साचा मागवू नका.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'परिणाम' हा शब्द लिहाल तेव्हा पुढे दोन प्रश्न लिहा: लॅबमध्ये किती? आणि घरी, रोज, किती? काकांचं मशीन लॅबमध्ये उत्तम चाललं होतं.