एका आवर्तनाची खाच

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला डेट्रॉइटला धाडलं ते मोटारींसाठी. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत घडलेली आणि आता तिकडच्या मोटार कंपन्यांत रुजलेली मराठी माणसं, असा विषय ठरला होता. तो लेख मी लिहिलाही. पण पहिल्याच रात्री, जेवणं उरकल्यावर, नोव्हाय गावातल्या माझ्या भाच्यानं मला घराच्या तळघरात नेलं, एक काळी रेकॉर्ड फिरत्या थाळीवर ठेवली आणि सुई टेकवली. तिथून जे सुरू झालं ते या लेखात आहे.

खर्जातला जाड ठोका आणि त्यावर पत्र्यासारखी किणकिण. मिनिट झालं, दोन झाली, तेच चालू. मी म्हटलं, "अरे, पिन अडकलीये."

"नाही मामा. नीट बघ."

मी वाकून पाहिलं. सुईचा दांडा आत सरकतच नव्हता. खाच जिथून निघाली होती तिथंच येऊन मिळत होती. रेकॉर्डच्या त्या बाजूला अशा आठ खाचा होत्या, प्रत्येक स्वतःपुरती बंद, आणि दोन खाचांमध्ये गुळगुळीत चकचकीत पट्टा. रेकॉर्डचं नाव 'सायकल ३०', साल १९९४, संगीतकार जेफ मिल्स. लेबलजवळच्या मोकळ्या पट्टीत टोकदार हत्यारानं ओरखडून तीन रोमन अक्षरं कोरली होती : एनएससी.

माझे वडील, अप्पा, पस्तीस वर्षं भोसरीत टर्नर होते. लेथवर कोरलेली वस्तू हातात आली की ती कोरली कशी, हे विचारल्याशिवाय आमच्या घरात कुणाला चैन पडत नाही. हे कोरणारा माणूस कोण, हे मी भाच्याला त्याच रात्री विचारलं.

त्याचं उत्तर एका टोळीपासून सुरू झालं. टोळी म्हणजे संगीतकारांची : अंडरग्राउंड रेझिस्टन्स. १९८८ मध्ये डेट्रॉइटच्या काळ्या तरुणांच्या यंत्रसंगीताचा एक संग्रह इंग्लंडमध्ये निघाला आणि त्या संगीताला 'टेक्नो' हे नाव चिकटलं. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन ही त्या पिढीतली मोठी नावं. त्यांच्या पाठोपाठ, नव्वदच्या उंबरठ्यावर, माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी ही टोळी उभी केली आणि लवकरच रॉबर्ट हूड त्यांना येऊन मिळाला. बँक्स हा बास वाजवणारा, स्टुडिओत कसलेला वादक. मिल्स रेडिओवर 'द विझर्ड' या नावानं रेकॉर्डी फिरवायचा. या टोळीनं तोंडं दाखवायची नाहीत असं ठरवलं. बँक्सचे फोटो निघालेच तर चेहऱ्यावर कापड असतं. आपल्याकडे भूमिगत म्हटलं की १९४२ आठवतं, साताऱ्याचं प्रतिसरकार आठवतं. ती तुलना मला अतिशयोक्तीची वाटत नाही, कारण या माणसांनाही एका सत्तेपासून लपायचं होतं. ती सत्ता म्हणजे चेहरा विकत घेऊन गाणं ताब्यात ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्या.

हे त्या शहरात का सुचलं, ते ग्रँड बुलेव्हार्डवरून गाडीनं जाताना कळलं. पश्चिम ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ क्रमांकाचं पांढरं घर आहे. मोटाउनचं ते मूळ घर, आता संग्रहालय. साऱ्या जगाला नाचवणारी ही कंपनी १९७२ मध्ये बाडबिस्तरा गुंडाळून लॉस एंजेलिसला गेली. त्याच रस्त्याच्या पूर्वेकडच्या अंगाला पॅकार्ड मोटारींचा कारखाना होता, कित्येक दशकं उजाड पडलेला. आणि त्याच पूर्व ग्रँड बुलेव्हार्डवर, ३००० क्रमांकाच्या इमारतीत, सबमर्ज आहे : टोळीचं ठाणं, स्वतःच्या आणि मित्रांच्या रेकॉर्डी जगभर पाठवणारी त्यांची स्वतःची वितरणसंस्था. आत टेक्नोचं छोटं संग्रहालय, तळघरात रेकॉर्डचं दुकान. आधी वेळ ठरवूनच जावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा मला काचेमागच्या वस्तूंपेक्षा त्या पत्त्याचंच जास्त अप्रूप वाटलं. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचं हे शहर २०२० च्या जनगणनेत ६,३९,१११ वर आलं. ज्यांना जाणं परवडत होतं ते गेले. हे राहिले.

आता तो कोरणारा. रॉन मर्फी हे त्याचं नाव, आणि एनएससी म्हणजे नॅशनल साउंड कॉर्पोरेशन, त्याचं कटिंगचं दुकान. जुन्या सोल संगीताचं वेड असलेला हा गोरा माणूस वयानं या मुलांपेक्षा मोठा. डेट्रॉइटच्या टेक्नोवाल्यांनी आपल्या टेपा त्याच्याकडे आणल्या आणि त्याच्या लेथवर त्यांच्या रेकॉर्डी जन्मल्या.

रेकॉर्ड कोरण्याचा लेथ अप्पांच्या लेथचाच भाऊबंद आहे, फक्त याची फिरती थाळी आडवी. ॲल्युमिनियमची चकती, तिच्यावर लॅकरचा मऊ थर. चकती फिरते आणि वरून तापवलेलं माणकाचं किंवा नीलमण्याचं टोक थरात उतरतं. आवाजाबरोबर टोक थरथरतं आणि ती थरथर म्हणजेच खाच. निघणारा कीस केसासारखा बारीक असतो. तो नळीनं सतत ओढून घ्यावा लागतो, नाहीतर टोकात गुंततो, आणि ठिणगी लागली तर भडकतो. कापणाऱ्या डोक्याला एक स्क्रू केंद्राकडे हळूहळू सरकवत असतो. खर्ज जितका जोरकस तितकी खाच नागमोडी आणि रुंद, म्हणजे शेजारच्या खाचेला जागा कमी. खर्ज डावी-उजवीकडे फार विभागला तर श्रोत्याच्या घरी सुई उडते. टेक्नोचा सारा जीव खर्जात, आणि जागा मात्र बारा इंची चकतीच्या एका बाजूएवढीच. किती दाबायचं, किती सोडायचं, हा कौल कापणाऱ्याच्या कानाचा.

बंद खाचेत तर हिशेब आणखी काटेकोर. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्या म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. तेवढ्यात चार ठोके बसवले तर मिनिटाला १३३ आणि थोडे वर पडतात, आणि ही टेक्नोची अगदी राबती लय आहे. म्हणजे तबकडीची एक फेरी हेच एक आवर्तन. संगीत बरोब्बर १.८ सेकंदांचं हवं आणि डोक्याचं सरकणं ऐन वेळी थांबायला हवं, तरच खाचेचं शेपूट तिच्याच तोंडात जातं. किंचित चुकलं तर दर फेरीला टक् वाजणार. तशी प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटी एक बंद खाच असतेच, सुई लेबलवर चढू नये म्हणून, पण ती सहसा मुकी. मिल्स आणि मर्फीनं तिला बोलतं केलं. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला लेहरा धरणारा सारंगीवाला आठवा. तासभर तीच ओळ आणि ती ढळली नाही म्हणूनच तबलजी उड्या मारू शकतो. या खाचा डीजेसाठी तेच काम करतात.

मिल्स आणि मर्फीचा हा नाद टोळीच्या दिवसांतला. १९९२ मध्ये मिल्स, बँक्स आणि हूड यांनी एक्स-१०२ या नावानं शनीच्या कड्यांवर एक रेकॉर्ड केली आणि तिच्यावरच्या खाचांची मांडणीही त्या कड्यांसारखी करवून घेतली. ती निघाली बर्लिनच्या ट्रेझॉरकडून. भिंत पडल्यावर एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात १९९१ मध्ये सुरू झालेल्या या क्लबनं रेकॉर्डी काढायला घेतल्या, तेव्हा पहिली रेकॉर्डही याच तिघांची, एक्स-१०१ या नावाची होती.

बँक्सचं स्वतःचं संगीत मला त्याहून जवळचं वाटतं. 'नेशन टू नेशन' १९९१, 'वर्ल्ड टू वर्ल्ड' १९९२, 'गॅलक्सी टू गॅलक्सी' १९९३. नावांतच पल्ला वाढत जातो. तिसऱ्यातल्या 'हायटेक जॅझ'मध्ये धून यंत्रांच्या डोक्यावरून अशी निघते की तळघराला छत असल्याचा विसर पडतो. आणि हा माणूस शहरातल्या शाळकरी पोरांना बेसबॉल शिकवतो. मला त्याचे दोन्ही उद्योग एकच वाटतात.

पण टोळी टिकवणं महाग पडलं. १९९२ च्या सुमारास मिल्स आणि हूड आपापल्या वाटेनं गेले. 'सायकल ३०' ही मिल्सची रेकॉर्ड त्याच्या स्वतःच्या ॲक्सिस लेबलवर आली ती त्यामुळे. टोळीनं आपल्या पंखाखाली वाढवलेल्या ड्रेक्सिया या जोडीतला जेम्स स्टिन्सन २००२ मध्ये वारला. गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गर्भवती स्त्रियांची मुलं पाण्याखाली नगर वसवतात, अशी कथा रचणारा हा माणूस.

१९९९ मध्ये टोळीतल्या डीजे रोलँडोचं 'जॅग्वार' तुफान चाललं. सोनीच्या जर्मन शाखेनं परवानगीची वाट न पाहता त्याची हुबेहूब नक्कल काढली. जगभरच्या चाहत्यांनी निषेधाचा इतका मारा केला की सोनीला हात मागे घ्यावा लागला. टोळीनं मग त्याच धुनेच्या नव्या आवृत्त्यांची रेकॉर्ड काढली, तेव्हा सोडून गेलेला मिल्सही एक आवृत्ती घेऊन परत आला. हा प्रसंग भाच्यानं सांगितला तेव्हा त्याचाच आवाज भरून आला होता. लपून राहणाऱ्यांचं कुणीतरी चोरलं, तर ते कुणाचं आहे हे सांगायला हजारो लोक उभे राहिले.

रॉन मर्फी जानेवारी २००८ मध्ये गेला. त्यानंतरचं सारं मला काळजीत टाकतं. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स कारखाना जळून खाक झाला. कोरायच्या लॅकर चकत्या बनवणारे जगात दोनच कारखाने होते, त्यातला हा एक. उरला जपानमधला. म्हणजे डेट्रॉइटच्या तळघरात कुणी उद्या नवी धून बांधली आणि ती खाचेत उतरवायची म्हटलं, तर पहिली चकतीच समुद्र ओलांडून यायची. शहरात आर्चर नावाचा रेकॉर्ड दाबण्याचा घरगुती कारखाना १९६५ पासून चालू आहे, हाच आधार. पण दाबायला साचा लागतो, साच्याला चकती लागते आणि चकतीला कापणारा लागतो. कान आणि हात दोन्ही तयार व्हायला वर्षं लागतात. आणि शिकवायचं तर शेजारी बसवूनच शिकवावं लागतं.

परत येताना भाच्यानं ती रेकॉर्ड माझ्या बॅगेत घातली. आमच्याकडे ती वाजवायला यंत्र नाही. अप्पा आता शहाऐंशीचे. त्यांनी ती खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरली, ड्रॉवरमधलं भिंग काढलं आणि आधी नेहमीच्या बाजूवरून नख न लावता बोट फिरवलं.

"पिच बारीक आहे," म्हणाले.

मग पालथी केली. बराच वेळ बघत राहिले. चकचकीत पट्ट्यावर भिंग थांबलं, पुढच्या खाचेवर गेलं, परत मागे आलं.

"इथं त्यानं फीड बंद केलाय," अप्पा म्हणाले. "आणि टूल उचललंय. आठ वेळा. कोण होता रे हा?"