तलावाची हद्द कोठे संपते?

हैदराबाद परिसरात भूखंड अथवा सदनिका घेऊ इच्छिणाऱ्यांनी, जवळपास तलाव, नदी वा नाला असल्यास, पुढील नियम समजून घेणे अगत्याचे आहे.

उन्हाळ्यात पाणी जेथवर दिसते, ती तलावाची हद्द नव्हे. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जेथवर पोहोचते त्या रेषेस ‘एफटीएल’ म्हणतात. तिच्या आतील जमीन खाजगी मालकीची असली तरी तेथे शेती करता येते. घर बांधता येत नाही. रेषेबाहेरही काही अंतर मोकळे सोडावे लागते. हाच ‘बफर झोन’ होय. २०१२ च्या इमारत नियमांनी ही अंतरे ठरविली :

• १० हेक्टर वा अधिक क्षेत्राचा तलाव : ३० मीटर
• त्याहून लहान तलाव : ९ मीटर
• नदी : नगरपालिका हद्दीत ५०, हद्दीबाहेर १०० मीटर
• १० मीटरहून रुंद नाला : ९ मीटर, अन्य नाले : २ मीटर

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुरात सहस्रावधी लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतरच उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) बांधले गेले. पाण्याची जागा अडविली की पाणी वस्तीत शिरते, हेच या नियमांचे मूळ कारण आहे.

२०२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हायड्रा’ यंत्रणेने अशा हद्दींतील अनेक बांधकामे पाडली. नोंदणीकृत खरेदीखत म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे. म्हणून आयुष्याची पुंजी गुंतविण्यापूर्वी महानगर विकास प्राधिकरणाचे तलाव-नकाशे व सद्यःस्थितीतील नियम अवश्य पडताळून पाहावेत.