जाहिरातपत्रक जपून ठेवा

घर घेताना आपले समाजबांधव करारनामा जपतात, पावत्या जपतात. पण ज्या रंगीत जाहिरातपत्रकाला भुलून घर घेतले ते मात्र रद्दीत जाते. आमच्या मते ते आधी जपावे, कारण त्यावर छापलेला मजकूर हा विक्रेत्याने दिलेला शब्द असतो आणि कायदा त्याला तो पाळायला लावू शकतो.

१९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा लागू झाला. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिली आहे. खोटे वर्णन आणि खोटी हमी तीत येतेच, शिवाय महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडविणेही येते. वसई-विरारकरांनी या दडविण्याकडे विशेष लक्ष द्यावे. 'स्टेशनपासून पाच मिनिटे' ही थाप चालत जाऊनही पकडता येते. पण न छापलेले आरक्षण कसे दिसणार? नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने त्या पाडल्या. शेवटच्या इमारती फेब्रुवारी २०२५ मध्ये गेल्या. तेथील अनेक कुटुंबांनी पदरचे पैसे मोजून ती घरे घेतली होती.

बँकेने कर्ज दिले म्हणजे इमारत अधिकृत, असाही एक समज आढळतो. आम्ही बँकेतलेच, म्हणून स्पष्ट सांगतो: बँक कागद तपासते ते आपल्या पैशांसाठी. महारेराचा क्रमांकही पुरेसा नाही. डोंबिवलीच्या ६५ इमारतींच्या प्रकरणात पालिकेची बनावट परवानगी दाखवून तो मिळविल्याचे उघडकीस आले. सबब बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः खात्री करावी.

तरीही फसवणूक झाली तर? रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्यास भरपाई मागता येते, किंवा व्यवहार सोडून व्याजासह रक्कम परत मागता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. घरबांधणी ही 'सेवा' आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच ठरविले आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावे, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वीस ते पन्नास लाखांना हजार रुपये. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र सांभाळावी. बिल्डर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत राहतो, त्यात ती निघून जाते.

पैसा परत मिळण्याचे म्हणाल, तर विक्रेता पळून गेला असल्यास आदेश हाती येऊनही वसुली रखडते. म्हणून नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. रेरा नोंदणीकृत प्रकल्पात ती मागणेच बेकायदेशीर आहे. आणि साइटवरील माणूस तोंडी काही सांगेल, 'पाणी येणार, रस्ता होणार', तर त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर 'आपण असे सांगितलेत, बरोबर ना?' असे विचारून उत्तर घ्यावे व ते पत्रकासोबत जपावे.